पायात जोडवी नव्हती

"गळ्यात पोत अन् पायात जोडवे नाही? कोणाची बायको व्हय गं तू?"

मेडिकलवाला काउंटरवरून वाकून माझ्या पायांकडे पाहत होता. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. चौघांनीही पाहिलं. मी एका पायावर दुसरा पाय ठेवला.

मी फक्त एक गोळी मागितली होती. संबंधानंतर दिवस राहू नयेत म्हणून घेतात ती.

"गाव कोणतं?"

"बोरी अरब." तोंडातून निघून गेलं. त्या उत्तरासाठी मी अजून स्वतःला शिव्या घालते.

"बोरीत माहा साडू राह्यते. बापाचं नाव सांग, त्यायच्याच हाती देतो गोळी." मग गिऱ्हाइकांकडे वळून, "कंपनीतल्या पोरी, दुसरं काय!"

सगळे हसले. मी पळाले. बाप आत्ताच्या आत्ता मोटारसायकलवर बसून निघाला असेल, असं वाटत होतं. 

मी लोहाऱ्यातल्या एका कंपनीत पॅकिंगला आहे. भाड्याची खोली. चोवीस वर्षं वय. लग्न नाही. ज्याच्याशी होईल असं धरून चालले होते, तो तिथेच मशीनवर. रविवारी रात्री तो आला, निरोध न घेता. "एका वेळेनं काय होते?" म्हणाला. मी मान्य केलं. मूर्खच मी.

सोमवारी सकाळी त्याला म्हटलं, गोळी तू आण.

"मी नाई जात. लोकं ओयखतात मले."

म्हणून मी गेले. शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या कुंदाताईनं स्वतःची जुनी काळी पोत दिली. "घाल. लग्नाची बाई दिसली का कोणी विचारत नाही." जोडव्यांचं तिच्याही लक्षात आलं नाही.

दुपारच्या सुट्टीत मी संडासात जाऊन रडले. तास मोजले. चौदा झाले होते. कुंदाताईनं आपल्या ओळखीच्या, उपकेंद्रातल्या सिस्टरला फोन लावून माझ्या हाती दिला. मी नाव सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही.

"बहात्तर तासांच्या आत घे. पण वाट नको पाहू, जितकी लवकर तितकी बरी. चिठ्ठी लागत नाही. लग्न झालं का, हे विचारायचा कोणाले हक्क नाही. अन् ऐक, ही अडचणीची गोळी हाये, दरवेळची नाही. रोगराई थांबवत नाही. पाळी आठवडाभर लांबली तर तपासून घे."

मी विचारलं, "मी वाईट हाओ का?"

"तू घाबरली हायेस," ती म्हणाली.

संध्याकाळी कंपनी सुटल्यावर त्याच दुकानात गेले. पोत काढून कुंदाताईला परत दिली होती.  सकाळपेक्षा जास्त गर्दी होती.

"गोळी द्या. लग्न झालं नाही. चोवीस वर्षांची हाओ. चिठ्ठी लागत नाही."

आवाज चिरका निघाला, पण निघाला. कोणी हसलं नाही. मेडिकलवाला एकदा माझ्याकडे, एकदा गर्दीकडे पाहत राहिला. मग त्यानं पाकीट काउंटरवर फेकलं. मी पैसे दिले. बाटलीतल्या पाण्यानं तिथंच, सगळ्यांसमोर गोळी गिळली.

भीती मात्र गेली नाही. घरून फोन आला की मी तो नुसता वाजू द्यायची. पाळी चार दिवस उशिरा आली. ते चार दिवस मी नीट जेवले नाही. त्यानं एकदाही विचारलं नाही.

पाळी आल्यानंतरच्या रविवारी तो दारात उभा. हसत. हात रिकामे.

"निरोध?"

"दुकानात लय गर्दी होती. लोकं पाह्यतात ना."

"मलेही पाह्यलं."

तो उंबऱ्यात पाय टाकणार, तेवढ्यात मी दार अर्धं लोटलं. भीती होतीच. हा परत आलाच नाही तर? गावभर बोलला तर?

"आन, मग ये," मी म्हणाले, आणि आतून कडी लावली.