बगळ्याला काळी फीत

रोझीला अकरा वाजता मातीआड करायचं होतं, आणि तिचा नवरा आल्विन हुटिग सकाळी सातपासून नगरपालिकेसमोरच्या खांबाभोवती घिरट्या घालत होता. अंगात काळा सूट, खिशात काळी फीत. शिडी लावायचा, दोन पायऱ्या चढायचा, पुन्हा उतरायचा. जिवाला चैन म्हणून नव्हती.

वर रायहरबाख गावाचा ध्वज लोंबत होता. निळ्या-पांढऱ्या कापडावर गावाचं जुनं चिन्ह, चोचीत मासा धरलेला बगळा. आडव्या दांडीवरचा असला ध्वज अर्ध्यावर उतरवता येत नाही, म्हणून दुखवट्याला त्यावर काळी फीत बांधतात. कुणासाठी, त्याची यादी ठरलेली: नगराध्यक्ष, नगरसेवक, अग्निशमन दलाचे लोक. ध्वजाचं काम बघणारा आल्विन एकोणतीस वर्षं त्या यादीवर बोट ठेवून जगला. पण वाऱ्याने फाटलेला बगळा दर हिवाळ्यात मांडीवर घेऊन शिवायची ती रोझी. त्याचा डोळा तिनेच काळ्या दोऱ्याने नव्याने भरला होता. तो जरा रागीटच झाला. "तुमच्यावर गेलाय मेला," ती म्हणायची. यादीत शिवणारीला जागा नव्हती.

काल त्याने नगराध्यक्ष बाईंना फोन करून पाहिला होता. "हुटिग, फार वाईट वाटतंय हो मला," बाई म्हणाल्या. "पण ती यादी तुम्हीच तर माझ्याकडून पाठ करून घेतलीत." खोटं काय होतं त्यात?

आणि समोरच बेकरी होती. सहा वर्षांपूर्वी बेकरीवाल्या योआखिमचे वडील गेले, चाळीस वर्षं गावाची पत्रं वाटलेला माणूस. योआखिम फितीसाठी आला, तेव्हा हाच आल्विन म्हणाला होता, "पोस्टमन यादीत बसत नाही." काय ती ऐट! तेव्हापासून योआखिम त्याला पाव द्यायचा, बोलत मात्र नव्हता.

साडेनऊला आल्विन एकदाचा वर चढला. गाठ बसेना. खाली शिडी डगमगली आणि एकदम स्थिर झाली. पिठाने माखलेल्या दोन्ही हातांनी योआखिमने ती धरली होती.

"परवानगी कुणाची?" त्याने विचारलं.

"कुणाचीच नाही."

"आणि यादी?"

"गेली खड्ड्यात."

योआखिमने वर बगळ्याकडे पाहिलं. आता हा शिडी सोडून जाणार, आणि जावंच त्याने, असं आल्विनला वाटलं.

"तुझ्या वडिलांच्या वेळी मी चुकलो रे, योआखिम."

"चुकलासच." शिडी हलली नाही. "ती फीत जरा बाजूला घे. रोझीने भरलेला डोळा झाकतोय."

आल्विनने गाठ सोडली, आणि रडत रडत पुन्हा बांधली.