भिंत कोणाच्या चौकोनात

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी मी ठोकळ्यांचा खेळ खेळतो, हे मी ऑफिसात कोणाला सांगत नाही. घरी लपवायची सोय नाही. लालबागला चाळीत आमची एक खोली, त्यात आई, बाबा आणि मी. तिथे माणसाला गुपचूप शिंकताही येत नाही. त्यामुळे ऑफिसातून आलो की मी लॅपटॉप उघडतो आणि स्क्रीनवर एकावर एक चौकोनी ठोकळे रचून घरं बांधतो, हे सगळ्या मजल्याला ठाऊक होतं. "कंप्युटरमध्ये गवंडीकाम करतो," असं आई विचारणाऱ्यांना सांगायची.

माझी घरं मात्र कायम फसायची. एका बाजूला चार खिडक्या, दुसऱ्या बाजूला तीन आणि एक भोक. कारण मी मोजत नाही. तिसऱ्या ठोकळ्याला मला कंटाळा येतो आणि पाचव्याला राग. पण प्रोग्रामर माणूस स्वतः मोजत बसण्यापेक्षा मोजणारं काहीतरी लिहायला बसतो, आणि त्यात दहापट वेळ घालवतो. तसं मी एक साधन लिहिलं. स्क्रीनवर चौकटींचा कागद. एक चौकोन म्हणजे एक ठोकळा. एका कागदावर एक थर, त्याच्यावर दुसरा, असे हवे तितके. नकाशा काढून झाला की विटांचे किती ठोकळे लागतील, लाकडाचे किती, काचेचे किती, ते खाली आपोआप दिसायचं.

बाबांनी पाठीमागून पाहिलं आणि चष्मा शोधायला गेले. ते मिलच्या डिझाइन खात्यातून निवृत्त झालेले. कापडावरची नक्षी विणण्याआधी चौकटींच्या कागदावर भरायची असते. बाबांनी उभ्या आयुष्यात तेच केलं, लाल पेन्सिलीने एकेक चौकोन. चष्मा लावून ते म्हणाले, "तू वरून मोजतोयस."

"कंप्युटर वरूनच मोजतो, बाबा. डाव्या कोपऱ्यातून."

"कापड खालून वर चढतं. घरसुद्धा खालूनच चढतं. आधी छप्पर कोण बांधतो?"

मी नुसताच आवाज चढवला. मग ते बाहेर गेल्यावर निमूट सगळी मोजणी खालच्या डाव्या कोपऱ्यातून सुरू केली. हा बदल माझा नव्हे, हे मी आजवर कबूल केलं नव्हतं.

त्याच सुमारास चाळ रिकामी करायचं ठरलं. जुनी पाडून नवी इमारत होणार, तोवर आम्ही अँटॉप हिलच्या तात्पुरत्या खोल्यांत राहणार. कमिटीने घरोघर एक फॉर्म वाटला: नव्या इमारतीत शेजारी कोण हवा, त्या भाडेकरूचं नाव लिहा. दोघांनी एकमेकांची नावं लिहिली तरच दारं शेजारी मिळतील. फॉर्म द्यायची मुदत पुढच्या रविवारपर्यंत. आईला आणि शेजारच्या काकूंना यात विचार करण्यासारखं काही वाटलंच नाही. पस्तीस वर्षं दोघींच्या मध्ये दोन इंच जाडीची लाकडी फळी आहे, तीही छतापर्यंत नाही. सात फुटांवर फळी संपते आणि वर जाळी. त्या जाळीतून आवाज, फोडणीचा वास आणि मतं सहज ये-जा करतात.

मी म्हटलं, साधनाची चाचणी म्हणून आपल्याच दोन खोल्या काढाव्यात. बाबांनी टेप काढला, काकूंनी दुसरं टोक धरलं. खेळात एक ठोकळा म्हणजे एक मीटर. दोन्ही खोल्या मिळून रुंदी भरली सहा चौकोन. तीन आमचे, तीन काकूंचे. इथवर सगळं न्यायाने चाललं होतं.

अडचण भिंतीची होती. खेळात दोन इंचांची फळी नसते. भिंत म्हणजे अख्खा ठोकळा, आणि ठोकळा उभा राहायचा तर कोणाच्या तरी चौकोनात. मी फार विचार केला नाही. मोजणी डावीकडून, आमची खोली डावीकडे, म्हणून आमचे तीन चौकोन आधी घेतले, चौथ्यात भिंत घातली आणि उरलेले दोन काकूंना दिले.

रविवारी सकाळी हे मी गॅलरीत मोठ्या ऐटीत दाखवलं. साधनाने आमची खोली लाल रंगवली होती, कारण खेळात भिंतीच्या वर फट राहिली की खोली सुरक्षित नाही, अंधार पडल्यावर राक्षस आत येतात. आईने तिच्या मालवणीत विचारलं, "वरसून कोण येतलो?" मी म्हटलं, राक्षस. तिने काकूंकडे पाहिलं आणि दोघी पोट धरून हसल्या. तेवढंच हसल्या.

मग काकू वाकल्या आणि बोटाने मोजायला लागल्या. काकू मूळच्या गिरगावच्या, लग्न होऊन लालबागला आलेल्या. त्यांचं मराठी अजून इस्त्री केलेलं आहे. "तुमचे तीन," त्या म्हणाल्या, "आणि माझे दोन?"

"काकू, हा खेळ आहे."

"खेळ आहे ना? मग खेळात तुमचे दोन कर."

आई माझ्या या सगळ्या उद्योगाला त्या क्षणापर्यंत पोरखेळ म्हणत होती. ती म्हणाली, "कित्याक? टेप तर आमचो होतो."

आता इथे माझ्याकडे उपाय होते. ठोकळा लहान धरला असता, एक फुटाचा, तर निम्मं भांडण गेलं असतं. मला ते तिथल्या तिथे सुचलंही होतं. पण मी हे साधन महिन्यापूर्वी खेळणाऱ्यांच्या एका ग्रुपवर टाकलं होतं आणि एकाही माणसाने ते उघडून पाहिलं नव्हतं. आणि इथे दोन बायका माझ्या चौकोनांवर तावातावाने बोलत होत्या. मी दोघींना लिंक पाठवून दिली.

सोमवारी मी लोअर परळला ऑफिसात बसून साधनाची नोंदवही उघडली. प्रत्येक बदल किती वाजता झाला ते त्यात उमटतं. कोणी केला ते उमटत नाही, कारण लॉगिन मी लिहिलंच नव्हतं. सगळेच 'पाहुणा'. सकाळी नऊ दहाला भिंत तिसऱ्या चौकोनात, म्हणजे आमच्या हद्दीत. नऊ पंचवीसला परत चौथ्यात. अकराला तिसऱ्यात. आई मोबाइलवरून, काकू मुलीने दिलेल्या टॅबवरून. दुपारपर्यंत भिंत चौदा वेळा सरकली. मला इतका आनंद झाला की मी डब्यातली भेंडीसुद्धा तक्रार न करता खाल्ली.

मंगळवारी दोघींनी सामान लावायला घेतलं. तिसऱ्या आणि चौथ्या चौकोनाच्या रांगेत कोणीच काही ठेवलं नाही, एवढी समज दोघींना होती. आईने कपाट, ओटा, पिंप मांडलं. काकूंनी पाचव्या रांगेत, फळीला लागून असते तशी, खाट ठेवली. ही खाट लोखंडी, काकांची. काका जाऊन दोन वर्षं झाली. काकू तिच्यावर झोपत नाहीत, तिच्या बाजूला खाली अंथरूण घालतात. हे मला माहीत होतं. सगळ्या मजल्याला माहीत आहे.

बुधवारी दुपारी भिंत हललीच नाही. तीन वाजले, नोंदवही गप्प. ऑफिसात एक कंटाळवाणी मीटिंग चालू होती आणि माझा हात माउसवर होता. गंमत म्हणून मीच भिंत धरली आणि पाचव्या रांगेत नेऊन ठेवली. काकूंची खोली एक चौकोन रुंद उरली. साधनात एक दोष होता: भिंत जिथे जाईल तिथलं सामान पुसलं जायचं. तो मला ठाऊक होता, दुरुस्त करायचा राहिला होता. केलेलं मागे घ्यायचं बटणही अजून झालं नव्हतं. खाट नाहीशी झालेली मला दिसली. मी हसलो आणि मीटिंगकडे वळलो. ही गोष्ट लिहिताना आजही मला माझी लाज वाटते.

संध्याकाळी घरी आलो तर जाळीला पलीकडून पुठ्ठा लावलेला. टीव्हीच्या खोक्याचा, 'ही बाजू वर' असा बाण खाली तोंड केलेला. आई चहा गाळत म्हणाली, "लावूंदे. माका काय?" आणि गाळणं बाजूला ठेवून चहा कपाबाहेर ओतत राहिली.

काकूंची खाट पुसली गेली आणि त्यांनी ते आईचं काम धरलं, हे तिला ठाऊक नव्हतं. मला होतं, आणि मी बोललो नाही. गुरुवारी काकू आमच्या दारावरून मान वळवून गेल्या. शुक्रवारी आईने आमटीची वाटी भरली, गॅलरीत चार पावलं गेली आणि परत येऊन ती वाटी बाबांच्या ताटात रिकामी केली. कमिटीचा फॉर्म पिठाच्या डब्याखाली पडून होता. बाबांनी आठवण केली तेव्हा ती म्हणाली, "खंय पण घाला आमका. खयच्याय माळ्यार."

 अख्खी हयात एकाच फळीच्या दोन बाजूंना काढलेल्या या दोघी आता मी सरकवलेल्या एका भिंतीपायी वेगवेगळ्या मजल्यांवर जाणार होत्या.

शनिवारी बाबांनी माझ्याकडे नोंदवही मागितली. लाल पेन्सिल घेऊन त्यांनी कागदावर वेळा उतरवल्या, मिलमध्ये नक्षीतला चुकलेला धागा शोधायचे तसं बोट फिरवत गेले आणि एका ठिकाणी थांबले. "बुधवार, तीन वाजून सहा मिनिटं. तेव्हा तुझी आई झोपलेली असते. तुझ्या काकू भजनाला गेलेल्या असतात." त्यांनी चष्मा काढला. "मला तर तो टच वगैरे जमत नाही. मग उरलं कोण?"

 पेन्सिलीचं टोक माझ्या दिशेने करून त्यांनी ती कागदावर ठेवली.

रविवारी सकाळी मी लॅपटॉप घेऊन काकूंकडे गेलो. त्या मेथी निवडत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं: भिंत मी सरकवली, आईने नाही, खाट माझ्यामुळे गेली, आईला यातलं काहीच माहीत नाही, तुम्ही मला काय ते बोला पण फॉर्मवर दुसऱ्या कोणाचं नाव घालू नका.

काकूंनी मेथीची एक जुडी पुरी केली. "फॉर्म मी गुरुवारीच दिला," त्या म्हणाल्या.

"कोणाचं नाव लिहिलंत?"

"तुमचं. आणखी कोणाचं लिहिणार?"

"पण तुम्ही तर आईशी बोलत नाही."

"म्हणूनच," काकू म्हणाल्या. "लांबच्या मजल्यावर गेले तर मी बोलत नाहीये हे तिला कळणार कसं?"

पलीकडे भांडं आपटल्याचा आवाज आला. पुठ्ठा पातळ होता आणि आई फळीला टेकून उभी असणार. "तिका सांग," फळीतून आवाज आला, "खाट मी नाय उडवलंय."

"आईने खाट उडवली नाही," मी काकूंना सांगितलं.

"तिला म्हणावं, ऐकलं."

"त्यांनी ऐकलं," मी फळीला सांगितलं.

"तिका सांग, चौकोन आमचो घे. माका तीनाची गरज नाय."

"तिला सांग, मला नको. नंतर ऐकवत बसेल."

मी दोघींच्या मध्ये उभा राहून, दोघींनी स्पष्ट ऐकलेलं पुन्हा दोघींना सांगत होतो. कोणी मला बस म्हणालं नाही. ती माझी शिक्षा होती आणि मला ती स्वस्तातली वाटत होती.

पलीकडे पिठाचा डबा सरकला. कागदाची घडी उलगडल्याचं ऐकू आलं. 

"तिका विचार," आई म्हणाली, "फॉर्मार नाव कोणाचा लिवू? तिचा की भावोजींचा?"

मी काकूंकडे वळलो. मला ते परत उच्चारायचं नव्हतं. काकूंनी मेथीचे देठ गोळा केले, वर्तमानपत्रात गुंडाळले, हात झटकले.

"वहिनी," त्या फळीकडे बघून म्हणाल्या, "यांचंच लिहा. खोली अजून त्यांच्याच नावावर आहे."

त्या घरात चार दिवसांनी 'वहिनी' हा शब्द उच्चारला गेला होता. मग आईने विचारलं, आता थेट, मला वगळून, "आणि गे बाय, नव्या घरात खाट खंय ठेवतलंस?"

"तुमच्या भिंतीला लागून," काकू म्हणाल्या. "दुसरीकडे कुठे ठेवू?"

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि मग आई मला हाक मारून म्हणाली की तिचं पेन उठत नाही, माझं घेऊन ये. मी लॅपटॉप काकांच्या खाटेवर ठेवला आणि पेन घेऊन घरी गेलो.