परत पुकारलेले क्रमांक

माझी मुलगी सुनंदा डॉक्टर आहे. रविवारी माझ्या गोळ्या डबीत भरताना ती प्रत्येक गोळीचे नाव मोठ्याने पुकारते आणि मी ते परत म्हटल्याशिवाय पुढे जात नाही. ते ऐकले की मला नामपल्लीतील एका परीक्षा केंद्राचे फाटक आठवते.

मी रेल्वेत इंजिन चालवीत असे. सहायकाने सिग्नल पुकारावा आणि ड्रायव्हरने तो परत पुकारावा, हा आमचा रिवाज. वैद्यकीय प्रवेशाच्या पहिल्या परीक्षेत सुनंदाने एक प्रश्न सोडला, पण उत्तरपत्रिकेवर त्याची वर्तुळे रिकामी ठेवायला ती विसरली. पुढची सारी उत्तरे एकेक ओळ वर सरकली आणि वर्ष वाया गेले. म्हणून दुसऱ्या खेपेच्या सरावात ती प्रत्येक प्रश्नाचा क्रमांक पुकारी आणि मी तो परत पुकारी.

"बाबा, आत क्रमांक परत कोण पुकारणार?" फाटकाशी तिने विचारले.

"तू मनात पुकार. मी इथेच उभा आहे."

परीक्षा संपेपर्यंत मी उन्हात उभा राहिलो. आतले काही ऐकू येणे शक्य नव्हते. तरीही मी एकामागून एक क्रमांक म्हणत होतो.

"किससे बातां कर रै चचा?" एका रिक्षावाल्याने हसून विचारले.

"ड्यूटी पे हूँ," मी म्हणालो.

आता माझी जीभ जड झाली आहे. गोळीचे नाव उच्चारायला वेळ लागतो. डबीचे झाकण उघडे धरून सुनंदा थांबते.