तुळईतल्या रिकाम्या खाचा

प्रफुल्ल, मॉलजवळच्या तुझ्या पबात जाऊन आले. तुळई आहे तशीच आहे, खाचा कुणी बुजवलेल्या नाहीत. बाकी बिअर महाग आणि बटाटे गारढोण.

एवढं लिहून पद्मजाकाकूंनी पेन ठेवलं. गेलेल्या माणसाला पत्र लिहिणं हा शुद्ध वेडेपणा, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

प्रफुल्ल नागपूरकडचा, शॉमबर्ग या अमेरिकन उपनगरात काकूंच्या शेजारी राहणारा आर्किटेक्ट. जन्म गेला गोदामांची ड्रॉइंग्ज करण्यात. मग एका मालकाला मॉलच्या कडेला जुन्या इंग्लिश खेड्यातला पब हवा झाला: ठेंगणं छत, काळ्या तुळया, आत बाक टाकून बसता येईल एवढी भिंतीतली शेकोटी. प्रफुल्ल हरखला. तिकडच्या एका शेकडो वर्षं जुन्या पबचे नकाशे त्याने मिळवले. त्यात खोल्या दोन, दारंही दोन. एक बड्या लोकांचं, दुसरं शेतावर राबणाऱ्यांचं. मधली भिंत पुढे कधीतरी पाडलेली. तिचे खांब बसायच्या खाचा तेवढ्या वर तुळईत उरलेल्या.

मालकाला ती भिंत हवीच होती. ऑथेंटिक दिसेल म्हणे. प्रफुल्ल अडून बसला. काम गेलं तरी बेहत्तर.

काकू फटकळ. "अरे, लाकडाचं पार्टिशन ते. एवढं काय त्यात?"

"काकू, आमच्या गावात हॉटेलबाहेर खुंटी होती. माझ्या आजोबांचा कप तिथे टांगलेला असायचा. मी ती भिंत आखणार नाही."

 

भिंत झाली नाही. नव्याकोऱ्या तुळईत खाचा मात्र प्रफुल्लने कोरून घेतल्या. भिंत होती आणि माणसांनीच ती पाडली, हे दिसायला हवं, असं त्याचं म्हणणं. पण खाचांची खोली नकाशात नव्हती, त्याने अंदाजाने धरली. ते त्याला खात राहिलं. खरी तुळई एकदा हाताने बघायची होती.

काकू दर हिवाळ्यात लंडनवरून पुण्याला जायच्या. यंदा दोघांनी मिळून मध्ये उतरायचं ठरलं. त्याने खाचेत हात घालायचा, काकूंनी बिअर मागवायची. ऑक्टोबरात त्याच्या पोटात कॅन्सर निघाला. तिकिटं कॅन्सल केली.

हॉस्पिटलात तो म्हणाला, "तुम्ही एकट्या जाऊन या, काकू. बोट किती आत जातं, तेवढं सांगा."

"एकटी कशाला? बरा हो, मग जाऊ."

ख्रिसमसच्या आधीच तो गेला.

फेब्रुवारीत काकू एकट्याच निघाल्या. लंडनला अख्खी दुपार मोकळी होती. खेड्याकडची गाडी कुठून सुटते, ते त्यांनी विचारूनही घेतलं. मग परत येऊन बाकावर बसल्या. बोट किती आत जातं ते कळलं असतं, सांगायचं कुणाला? विमानाची वेळ झाली तशा उठल्या आणि मुंबईच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.