कपाटामागचा पिवळा

दिवाळीआधी रंग द्यायचा म्हणून पेंटरने हॉलच्या भिंतीवर दोन पट्टे ओढून ठेवलेत, एक केशरी, एक फिकट निळा. सकाळी केशरी उबदार वाटतो, दुपारी निळा गार वाटतो, संध्याकाळी दोन्ही नकोसे होतात.

"कुठला घ्यायचा?" मी नवऱ्याला विचारलं.

"तुला आवडेल तो."

माणसं थकली की आधी हट्ट सोडतात, आणि लोक त्याला समजूतदारपणा म्हणतात.

आज कपाट सरकवलं. मागे आमच्या लग्नाच्या वेळचा पिवळा अजून तसाच टवटवीत. त्या रंगासाठी मी तेव्हा नवऱ्याशी अबोला धरला होता. नवऱ्याला हाक मारून दाखवला.

"तेव्हाही निळाच द्यायला हवा होता," तो म्हणाला.

मला इतकं बरं वाटलं, की मी लगेच भांडायला लागले.