कात्रजच्या दोन जावा

आयटी कंपन्या आल्या तसे बिल्डर आमच्या बिबवेवाडीच्या घरापर्यंत पोचले. घर द्यायचं ठरलं आणि प्रश्न उरला दोघींचा: माझी आई आणि तिची धाकटी जाऊ, म्हणजे माझी काकू. दोघी विधवा, लग्न होऊन आल्यापासून एकाच घरात. वाटणी मीच सुचवली. आई माझ्याकडे कोथरूडला, काकू तिच्या मुलाकडे औंधला. प्रत्येकीला वेगळी खोली, दोन्ही घरांवर सारखा भार. हिशेबात खोट नव्हती.

त्याच आठवड्यात दोघींना कात्रजचं प्राणिसंग्रहालय दाखवायला नेलं. तिथे दोन हत्तिणी होत्या. एकीला आंघोळीला आत नेलं, तशी दुसरी चारा टाकून फाटकाशी गेली आणि फटीतून सोंड घालून उभी राहिली. मधूनच खोल घुमल्यासारखा आवाज काढायची. पहिली परतल्यावर दोघींनी एकमेकींच्या तोंडात सोंडा घातल्या.

"बहिणी का हो?" मी तिथल्या कर्मचाऱ्याला विचारलं.

"छे, वेगवेगळ्या जंगलांतल्या. पिल्लं असताना कळपातून चुकलेल्या. पण आता हलवायचं तर दोघींना."

"परक्या घरांतून आलेल्या. म्हणजे जावाच की!" काकू म्हणाली.

"आणि ती बघ, दुसरीपुढचं गवत ओढतेय," आई म्हणाली. "धाकटी असणार."

"जाऊबाई, ओढतात त्या थोरल्याच. माझ्याइतकं कुणाला ठाऊक?"

दोघी हसल्या. मग काकूने मला विचारलं, "औंधहून कोथरूडला यायला बस बदलावी लागते का रे?"

माझ्या हिशेबात ही बस नव्हतीच.

हत्तींचा कळप म्हणजे आजी, मावश्या, लेकी; जंगलाचे तुकडे पडले की त्यांचीही ताटातूट होते, हे मी पुढे वाचलं. हत्ती वाचवायचे तर नुसती डोकी मोजून भागत नाही.

घरी येऊन चुलतभावाला फोन लावला. "वाटणी रद्द. दोघी एकत्रच राहतील. दिवाळीपर्यंत माझ्याकडे, मग तुझ्याकडे."

"माझ्या आईला तू ठेवून घेणार?" तो दुखावला होता. बराच वेळ बोलावं लागलं. शेवटी म्हणाला, "दिवाळीच्या आधीच दोघींना माझ्याकडे आण. फराळ माझ्या घरी होऊ दे."

मी कबूल केलं आणि जेवताना दोघींना सांगितलं.

"तिला विचारलंस का?" आई म्हणाली. "माझं घोरणं चालेल का तिला?"

"इतकी वर्षं कुणी विचारलं नाही," काकू म्हणाली. "आता कशाला? आमटी वाढा."