इझीच्या हाताची ओर्झा

आर्डिथ नोवोटनीचे वडील नेब्रास्कात खोगिरं शिवायचे. चामडं कापायची त्यांची रापी अर्धचंद्रासारखी होती, आणि ती चालवताना त्यांचं अख्खं मनगट फिरायचं. तेवढं बघत ती मोठी झाली. तिशीत ती लॉस एंजेलिसच्या उत्तरेला बरबँकला आली, सिनेमावाल्यांसाठी पट्टे आणि म्यानं करू लागली. चौऱ्याऐंशी साली 'नाइन्थ हार्बर' ही अंतराळातली मालिका सुरू झाली, तेव्हा तिला तिथे हत्यारं आणि सामान बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये काम मिळालं.

मालिकेत थाल्क नावाची एक लढाऊ जमात होती. लेखकानं कागदावर इतकंच लिहिलं होतं : 'थाल्क आपली ओर्झा उपसतो.' ओर्झा म्हणजे काय, ती दिसते कशी, धरतात कशी, काही नाही. वर्कशॉपमधल्या लोकांनी तलवारी काढून दाखवल्या, कुऱ्हाडी काढून दाखवल्या. दिग्दर्शक म्हणाला, हे सगळं पृथ्वीवरचंच आहे. आर्डिथनं मग पुठ्ठ्यातून एक आकार कापला. हातभर लांब अर्धचंद्री पातं, मधोमध बोटं घालायची कडी आणि एका टोकाला आत वळलेला आकडा. दिग्दर्शकानं ते उलटसुलट करून पाहिलं आणि मान डोलावली.

ते चालवणार कसं, हे ठरवायला इझिडोर लुहानला बोलावलं. इझी न्यू मेक्सिकोचा. घोड्यावरून पडून दाखवण्यात त्याची निम्मी उमर गेली होती. काउबॉयचे सिनेमे आटले तसा तो रबरी मुखवटा चढवून परग्रहावरचा माणूस म्हणून मार खाऊ लागला. उजव्या करंगळीचं वरचं पेर कधीतरी लगामात अडकून तुटलेलं होतं.

"हा काय, विळा?" त्यानं विचारलं.

"ओर्झा आहे."

"बरं. म्हणजे मी योद्धा नाही, गवत कापणारा."

पण त्यानं कडीत बोटं घातली, दोनदा हात हलवून पाहिला आणि तिसऱ्यांदा मनगट असं फिरवलं, की आर्डिथ हातातला पुठ्ठा ठेवून पुढे सरकली. सांगितल्याशिवाय हा माणूस तिच्या वडिलांसारखा हात फिरवत होता.

पुढचे दोन महिने वर्कशॉपमागच्या मोकळ्या जागेत दोघांचं हेच चाललं. इझी वार शोधायचा, आर्डिथ पात्याचा बाक कमीजास्त करायची. अंगठा कडीच्या आत ठेवायचा हे त्यानंच ठरवलं, कारण करंगळी तोकडी असल्यानं त्याची पकड सुटायची. पावलं कशी टाकायची ते, मागे वळून मारायचा वार, ज्याला तो फास म्हणायचा, समोरच्याची ओर्झा आकड्यात अडकवून खेचणं, सगळं त्याचं. झुंजीच्या सीनमध्ये रबराची ओर्झा वापरत आणि जवळून दाखवायला अ‍ॅल्युमिनियमची. ती अ‍ॅल्युमिनियमची तिनं इझीच्या हाताच्या मापानं केली. कडीची आतली बाजू करंगळीच्या जागी जाड ठेवली आणि तिथे तांब्याचा एक रिव्हेट बसवला. तिच्या हातून याहून चांगली वस्तू झाली नव्हती, आणि हे तिलाही माहीत होतं.

मालिका चालली. थाल्क लोकांना आवडले. शेवटी जी नावं यायची त्यांत मुखवट्यातल्या माणसांची नावं नसत. "माझी आई टीव्हीला नाक लावून बसते," इझी म्हणायचा. "तिला वाटतं मी लॉस एंजेलिसला येऊन दारू पितो नुसता."

रबराची ओर्झा मात्र रबराची आहे हे कळायचं. उजेडात ती मऊ दिसे, जोरात फिरवली की वाकायची. दिग्दर्शक कुरकुरला, आणि इझीही म्हणाला, "हातात खोटी लागते गं. वजन नाही तिला." आर्डिथ इरेला पेटली. रबरात तिनं शिशाची तार घातली, वरून अ‍ॅल्युमिनियमची पूड घासून घासून बसवली. तीन आठवड्यांनी दोन्ही ओर्झा टेबलावर शेजारी ठेवल्या तेव्हा वर्कशॉपमधल्या एकालाही कोणती कुठली ते ओळखता आलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गोंधळ नको म्हणून रबरीच्या कडीला ती लाल चिकटपट्टी लावून ठेवायची.

एकोणनव्वदच्या मार्चमध्ये दोन थाल्कांच्या झुंजीचं शूटिंग होतं. एक इझी, दुसरा डेल नावाचा नवा माणूस. दिग्दर्शक म्हणाला, कडी दिसतेय, ती पट्टी काढा. आर्डिथनं स्वतःच्या हातानं पट्टी काढली आणि कोणी चुकीची उचलू नये म्हणून ती टेबलापाशी उभी राहिली, कारण धातूचीही तिथेच ठेवलेली होती. तेवढ्यात एका नटाचा खांद्यावरचा पट्टा तुटला, तिला हाक आली. दोन मिनिटांचं काम होतं. तिथे ती सुईत दोरा ओवत असताना पलीकडून एक आवाज आला, आणि मागोमाग कोणीतरी नुसतं "थांबा, थांबा" म्हणत राहिलं.

डेलनं अ‍ॅल्युमिनियमची उचलली होती. वजन सारखंच, त्याला काही वेगळं लागलं नाही. आकडा मुखवट्याच्या डोळ्याच्या भोकातून आत गेला होता.

इझीचा डावा डोळा गेला. एका डोळ्याच्या माणसाला वार किती लांबून येतोय ते कळत नाही, घोड्यावरून पडताना जमीन कुठे आहे ते कळत नाही. त्याचं काम संपलं. चौकशी झाली, चूक कोणा एकाची नाही असं ठरलं. आर्डिथला कोणी बोललं नाही. त्या ओर्झेची विल्हेवाट लावा असा निरोप आला, आणि ती भंगारात गेली असंच ती समजून चालली.

इस्पितळात इझी तिला म्हणाला होता, "बाई, तुझं काम एकदम फस्टक्लास. मलासुद्धा कळलं नाही." तो हसवायलाच म्हणाला होता. ती बाहेर येऊन गाडीत बसली आणि तिला किल्ली लावता येईना.

वर्षभर ती दर रविवारी त्याच्याकडे गेली. मग महिन्यातून एकदा. मग नुसतं नाताळचं कार्ड. तो काही म्हणत नसे, आणि तेच तिला सोसत नसे. ती मात्र त्याच वर्कशॉपमध्ये आणखी सतरा वर्षं राहिली. मालिकेवरून चित्रपट निघाले, ओर्झा मुलांच्या खेळण्यांत आली, लोक ती दंडावर गोंदवून घेऊ लागले.

दोन हजार अकरा साली एका लिलाववाल्यांचा तिला फोन आला. ती तेव्हा त्र्याहत्तर वर्षांची. जुन्या वर्कशॉपमधलं हयात असं ती एकटीच होती. एक वस्तू ओळखून द्याल का, असं विचारत होते. ब्रूक नावाच्या एका तरुण बाईनं तिला आत नेलं. हिरव्या कापडावर ओर्झा ठेवली होती.

आर्डिथनं कडीत बोट घातलं. रिव्हेट लागला. करंगळीच्या जागचा जाडसरपणा लागला.

"कुठून आली ही?"

"विकणाऱ्याचं नाव आम्हाला सांगता येत नाही," ब्रूक म्हणाली. "पण त्यांचं म्हणणं असं की एकोणनव्वदच्या त्या अपघातातली ही तीच. तसं असलं तर मोठीच गोष्ट आहे. आम्ही माहितीत तसं छापणार. लोकांना अशा वस्तूंची फार ओढ असते, बघा."

"अशा म्हणजे?"

"म्हणजे... जिच्या बाबतीत काही घडलेलं असतं."

आर्डिथच्या डोळ्यांपुढे आलं ते असं : कोणाच्या तरी दिवाणखान्यात, काचेच्या पेटीत ही टांगलेली आहे आणि घरमालक पाहुण्यांना सांगतोय, हीच ती, डोळा फोडणारी. तिनं कडीतून बोट काढून घेतलं.

"ही माझी नाही," ती म्हणाली. "कोणा चाहत्यानं घरी केलेली आहे. जोड बघा कसा आहे तो. आम्ही असे करत नव्हतो."

"नक्की?"

"चाळीस वर्षं हेच केलंय मी, पोरी."

ब्रूकनं तसं लिहून घेतलं. आर्डिथनं खाली सही केली. घरी जाताना तिला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं असं हलकं वाटलं. आपण इझीची अब्रू राखली, असं तिच्या मनानं घेतलं.

बारा दिवसांनी इझी तिच्या दारात उभा राहिला. शेजाऱ्यानं त्याला गाडीतून आणून सोडलं होतं. उरलेल्या डोळ्यावरही आता साय आल्यासारखी दिसत होती. काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं. ते काय आहे हे तिला तो उलगडायच्या आधीच कळलं.

"ते म्हणतात ही खोटी आहे," तो म्हणाला. "म्हटलं तुला विचारावं. तुझ्याइतकं कोणाला कळणार?"

"इझी, ही तुझ्याकडे कशी?"

"डेलनं आणून दिली होती इस्पितळात. रडत होता बिचारा. म्हणाला, फेकायला सांगितलीय, पण तुझ्या मापाची आहे, तूच काय ते कर. ठेवली मी. गादीखाली होती एवढी वर्षं."

"मग आत्ताच का विकायला काढलीस?"

"विकायचं निमित्त गं. ते पुस्तक छापतात ना, फोटोखाली मजकूर असतो. माझी एकच अट होती. त्यात लिहा, की ही आर्डिथ नोवोटनीनं केली आणि ओर्झेची सगळी झुंज इझिडोर लुहाननं बसवली. तुझं नाव आधी घातलं होतं मी. अपघाताचं त्यांना हवं होतं, म्हटलं छापा बापडे. छापील एवढं एकच राहिलं असतं माझं."

आर्डिथ खुर्चीत बसली. मग तिनं त्याला सांगितलं. सगळं सांगितलं, न थांबता, कारण थांबली असती तर तिला पुढे बोलता आलं नसतं.

इझी ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "मला एकदा फोन करायचास."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती लिलाववाल्यांकडे गेली आणि आपण खोटं बोललो असं तिनं सांगून टाकलं. ब्रूक वाईट वागली नाही. तिनं पाणी आणून दिलं. "पण आता मी कोणतं खरं धरू?" ती म्हणाली. "तेव्हा तुम्ही सही केलीत की खोटी आहे. आज म्हणता खरी. विकणारे तुमचे जुने स्नेही आहेत, हेही आज कळतंय. आमच्या लोकांना मी काय सांगू?" आर्डिथनं जुने फोटो नेले. त्यांत मुखवटे होते, आणि ओर्झा रबराची की धातूची हे कळत नव्हतं. ते कळू नये म्हणूनच तर तिनं तीन आठवडे घासली होती. आणखी दोन लिलाववाल्यांकडे ती जाऊन आली. तिची ती पहिली सही तिच्याआधी तिथे पोचलेली होती.

काहीतरी करावं म्हणून मग तिनं व्हॅन नाइजच्या एका व्यायामशाळेचा पत्ता काढला. तिथे शनिवारी सकाळी लोक ओर्झा शिकायला जमतात असं तिनं वाचलं होतं. इझी नको म्हणत होता. तिनं फारच लावून धरलं म्हणून आला. चाळीस-पन्नास माणसं ओळीत उभी राहून मऊ फोमच्या ओर्झा फिरवत होती. इझीला दिसत अंधुक होतं, पण पावलांचा आवाज ऐकून तो ताठ झाला. "माझा मागचा फास घेतायत," तो हळूच म्हणाला. "एक पाऊल खाल्लंय मधलं, पण तोच आहे."

शिकवणारा तरुण आदबीचा होता. त्यानं इझीच्या हातात एक ओर्झा दिली. "करून बघायचंय, आजोबा?"

इझीनं कडीत बोटं घातली, अंगठा आत घेतला.

"अंगठा बाहेर, आजोबा," तरुण म्हणाला आणि त्यानं हळूच तो सोडवून बाहेर काढला. "आत ठेवला तर थाल्कांची पकड होत नाही. सगळे नवीन लोक हीच चूक करतात."

"अरे, ती पकड यांनीच बसवलीय," आर्डिथ म्हणाली. "मालिकेतला थाल्क हेच होते."

तरुण हसला, पण कुचेष्टेनं नाही. "असं सांगणारे पुष्कळ येतात, आजी. तुम्ही बसा ना, पाणी घ्या. मालिकेवरच्या पुस्तकात आहे सगळं, कोणी काय बसवलं ते."

इझीनं अंगठा त्यानं ठेवला तसाच बाहेर ठेवला, दोनदा हात फिरवला आणि आभार मानून ओर्झा परत दिली.

परतताना ट्यूजंगाला त्याच्या ट्रेलरपाशी, म्हणजे तो राहायचा त्या चाकांवरच्या घरापाशी, गाडी थांबली, तरी तो उतरेना.

"डोळ्याचं मी तुला कधी काही म्हटलं नाही," तो म्हणाला. "ते कोणाच्याही हातून झालं असतं. पण परवाचं, आर्डी, ते तू विचार करून केलंस."

तिनं हात धरायला पुढे केला. त्यानं तो बाजूला सारला आणि पायऱ्या चाचपत एकटाच वर गेला. त्यानंतर तिनं बरेचदा फोन केले. तो उचलायचा, हवापाण्याचं बोलायचा आणि ठेवून द्यायचा.

दोन हजार तेराच्या फेब्रुवारीत तो गेला. न्यू मेक्सिकोहून त्याचा भाचा सेलेस्तिनो सगळं आवरायला आला, त्यानं आर्डिथचा नंबर शोधून फोन केला. ती गेली तेव्हा तो ट्रेलरमध्ये बसून कागद भरत होता. व्यवसाय या रकान्यात त्यानं 'घोड्यांची देखभाल' असं लिहिलं होतं.

"सिनेमात होते तुझे मामा," ती म्हणाली.

"खरं? आई म्हणायची, पण आम्हाला ती थापच वाटायची." तो उत्सुक झाला. "बघायला मिळेल कुठे?"

तिनं सांगितलं तसं त्यानं फोनवर शोधलं. थाल्कांची एक जुनी झुंज निघाली. दोघं डोकी जवळ आणून बघू लागले. दोन मुखवटे, दोन ओर्झा, एकसारखीच कातडी चिलखतं, तिनंच शिवलेली. पाती एकमेकांत अडकली, सुटली, पुन्हा अडकली.

"यातले मामा कोणते?" सेलेस्तिनोनं विचारलं.

तिनं डावीकडच्या थाल्कावर बोट ठेवलं. तो डोळे बारीक करून त्यालाच बघत राहिला, आणि आपल्या आईला दाखवायला त्यानं ती झुंज फोनमध्ये साठवून घेतली.

गाडीत बसल्यावर आर्डिथनं ती स्वतःच्या फोनवर पुन्हा लावली, थांबवत थांबवत पाहिली. करंगळी हातमोज्यात होती. वळताना उजवीकडच्याचं मनगट इझीसारखं फिरत होतं. मग डावीकडच्याचंही फिरलं. इझीनं शिकवल्यापासून सगळे तसंच फिरवायला लागले होते. भाच्याला आपण इझी दाखवला की दुसराच कोणी, हे तिला सांगता येईना.